मान टाकणारा बेस

“सोड हात,” मामा म्हणतात.

पोरगा डावा हात बाजूला घेतो. गळ्यातल्या बेस गिटारचं टोक लगेच खाली निघतं, बेल्ट खांद्यावरून सरसर सरकतो, बॉडीचा मागचा भाग काखेकडे चढतो. चार जाड चाव्यांचं ते लांब डोकं स्टुलावरच्या चहाच्या ग्लासात जायच्या बेतात असताना पोरगा झडप घालून ते पकडतो.

“मान टाकते हे,” ग्लास उचलून बाजूला ठेवत मामा म्हणतात. “कधीपासून?”

“घेतला तेव्हापासूनच, मामा. चार-चार घंटे प्रोग्राम राह्यते. वाजवतो कमी अन् धरून ठेवतो जास्त. मनगट असं दुखते का सकाळी दातावर ब्रश फिरवता येत नाही.”

“अन् इतले दिवस काय करत होता?”

“सगळे म्हणत, बेस जडच राह्यते. मले वाटलं, असंच असंन.”

वाशिमच्या पाटणी चौकातून आत वळणाऱ्या एका बोळात मामांचं हे दुकान आहे. नाव ‘वाद्य दुरुस्ती’, एवढंच. छताला ढोलक्यांची कोरी खोडं टांगलेली, फळीवर पोट उघडलेला एक अँप्लिफायर, कोपऱ्यात सैल कातड्याचा नगारा. पोहरादेवीची रामनवमीची यात्रा नुकतीच आटोपली आहे, त्या गर्दीतून तो नगारा इथे आलाय. मी माझ्या पेटीचा फाटका भाता घेऊन बसलोय. मामांनी ‘बसा जी’ म्हटलंय, म्हणजे तासभर तरी नंबर लागत नाही. चौदा एप्रिल तोंडावर आहे. चौकात निळ्या कमानी उभ्या राहताहेत, आणि जिल्ह्यातल्या वाद्यांची दबून राहिलेली सगळी दुखणी या आठवड्यातच वर येतात.

बेसवाला पोरगा मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातला. भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. सोबत त्याचा ऑक्टोपॅडवाला दोस्त आहे, तो दारातच मोटारसायकलवर बसून राहिलाय आणि आतल्या प्रत्येक वाक्याला काहीतरी जोड देतोय.

“मी तं म्हंतो, विकून टाक,” तो म्हणतो. “बेस तं कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात असते आता.”

टोला वर्मी बसतो, कारण तो खरा आहे. वामनदादा कर्डक गावोगावी गात हिंडले तेव्हा साथीला पेटी आणि ढोलकी मिळाली तरी पुष्कळ होतं. आता स्टेजवर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, साइड ऱ्हिदम, दोन माईक आणि भिंतीएवढे स्पीकर असतात. बेसचे सूर कीबोर्डच्या खालच्या दोन सप्तकांत आयते मिळतात, मग एका माणसाची बिदागी वाचते. अशा दिवसांत कुणी चार तारांचा खराखुरा बेस गळ्यात घालून उभं राहतं, ते हट्टापायीच. आणि त्या हट्टाचा अर्धा जीव गिटारचं डोकं सावरण्यात जात असेल तर बोटांनी वाजवायचं कधी?

मामांना या चर्चेत रस नाही. ते बेस पोराच्या गळ्यातून काढून घेतात, बाकावर एक चौकोनी लाकडी पट्टी उभ्या कडेवर ठेवतात आणि बेस तिच्यावर आडवा तोलायला लागतात. मानेच्या बाजूला थोडं, बॉडीच्या बाजूला थोडं. टोक खाली जातं, मग बूड खाली जातं. मामांचे डोळे गिटारवर नाहीत, अर्धवट मिटलेले आहेत. तळहाताला काहीतरी कळतं आणि ते थांबतात. बेस पट्टीवर आडवा, निश्चल. मामा खडूनं तिथे मानेच्या कडेला एक रेघ ओढतात.

“मोज.”

पोरगा फ्रेट मोजतो. “अठरा.”

“अन् पुढचं बटण?”

बेल्ट ज्या बटणाला अडकतो ते बटण बॉडीच्या वरच्या शिंगाच्या टोकावर असतं. या बेसचं शिंग आखूड, गोलसर, दिसायला गोंडस. मामा त्या टोकावरून मानेवर काटकोन्या लावून सरळ रेघ आणतात. ती सोळाव्या फ्रेटवर येते.

“पाह्य. वजनाचं पोट इथे,” मामा खडूच्या रेघेवर बोट ठेवतात, “अन् टांगलं कुठे, तं इथे. दोन बोटांचं अंतर. कावडीत एका हंड्याखाली खांदा दिला अन् दुसरा हंडा रिकामाच लटकवला, तशी गत हाय ही. मंग काऊन नाही पडणार?”

शाळेत सहावी-सातवीला मी तरफेचा धडा शिकवत असे. टेकू, भार, बल, फळ्यावर एक त्रिकोण आणि त्यावर एक रेघ. समोरच्या बाकावर ती रेघ अख्खी पडलेली आहे आणि पोरांना ती इतकी नीट मी कधी दाखवली नव्हती.

मामा शेजारच्या भंगारवाल्याकडून हुकाचा डिजिटल काटा मागवतात. रद्दीवाले पोतं अडकवून तोलतात तो. आधी अख्खा बेस तोलला जातो. ३ किलो ७०० ग्रॅम. बेसच्या मानानं हलकाच. चार-साडेचार किलोचे बेस लोक गळ्यात घालून हिंडतात. म्हणजे ‘जड आहे’ ही तक्रारच चुकीच्या पत्त्यावर गेली होती. मग मामा पुढचं बटण भिंतीतल्या खिळ्याला दोरीनं टांगतात, मागचं बटण काट्याच्या हुकात घेतात आणि मान जमिनीला समांतर धरतात. काट्यावर आकडे नाचतात, स्थिरावतात. ३२०.

“ग्रॅम?” पोरगा.

“ग्रॅम. पावणेचार किलोतलं पावशेराच्या वर जरासं मागे. बाकी सगळं त्या एका शिंगावर.”

म्हणूनच बेल्टचा मागचा अर्धा भाग ढिला राहतो आणि बेल्ट खांद्यावरून पुढे पळतो. मान खाली जाते म्हणजे नेमकं हेच होतं: गिटार फिरते, फिरताना बेल्टला खांद्यावरून ओढून नेते. बेल्ट नायलॉनचा, सदरा टेरिकॉटचा, आणि एप्रिलचा घाम. अडवायला काही उरतच नाही. ती अडवण्याची ड्यूटी मग डाव्या हाताकडे येते. ज्या हातानं सूर धरायचे, तो हात लाकूड धरतो.

बसून वाजवताना हे दुखणं दिसत नाही, कारण बॉडी मांडीवर टेकते आणि उजवा हात वरून दाबून असतो. टोनी वाझ आर. डी. बर्मन यांच्याकडे बेस वाजवत, चरणजित सिंग यांनीही हिंदी सिनेसंगीतात बेस वाजवला. स्टुडिओतल्या त्या तासन्‌तासांच्या कामात खुर्ची असते. वाशिमच्या मैदानात खुर्ची पाहुण्यांसाठी असते. बेसवाल्यानं उभं राहायचं, वर ‘जय भीम’च्या घोषात थोडं नाचायचंही.

“वीणा काऊन नाही मान टाकत मंग?” ऑक्टोपॅडवाला दारातून विचारतो. त्याची नजर फळीवरच्या वीणेवर गेली आहे. गजानन महाराजांची पालखी शेगावहून पंढरपूरला निघते तेव्हा मेडशी, मालेगाव, शिरपूर, रिसोड अशी आपल्याच जिल्ह्यातून जाते, आणि त्याच्या आधी मामांकडे वीणांच्या तारा बदलायला येतात. ही त्यातलीच एक, लवकर आलेली.

मामा हसतात. प्रश्न आवडलाय. ते वीणा काढून पोराच्या गळ्यात घालतात. लांब दांडी वर खांद्याकडे, भोपळा खाली कमरेशी. “सोड हात.”

पोरगा हात सोडतो. वीणा हलत नाही.

“पट्टा कुठे हाय? एक टोक खाली भोपळ्याकडे, दुसरं वर दांडीले. सारं वजन दोन गाठींच्या मधात. पडायले जागाच नाही. वीणेकरी दिवसभर उभा राह्यते, कोणाच्या हाताले मुंग्या आल्याचं ऐकलं नाही मी.”

“मंग मीबी बेल्ट वर चाव्यांपाशी बांधतो.”

“बांधून पाह्य.”

पोरगा खरंच दोरीनं बेल्टचं पुढचं टोक डोक्यापाशी, चाव्यांच्या खाली बांधतो. हात सोडतो. बेस जागचा हलत नाही. ऑक्टोपॅडवाला शिट्टी मारतो. मग पोरगा वाजवायला जातो आणि पहिल्या दोन फ्रेटवर त्याच्या मनगटाला बेल्ट आडवा येतो. तो हात वळवतो, बेल्ट अंगठ्याला घासतो. वारकऱ्याच्या वीणेत डाव्या हाताला सूर दाबायचे नसतात, दांडी धरायची असते आणि उजव्यानं तारा छेडायच्या असतात. तिथे पट्टा कुठेही असो. इथे मात्र डावा हात शेंड्यापासून बुडापर्यंत धावतो. साधी गिटार वाजवणारे बरेच लोक बेल्ट असा डोक्याला बांधतात आणि त्यांचं भागतं. बेसच्या लांब मानेवर भागत नाही.

लांब म्हणजे किती, तर मानेच्या शेंड्यापासून ब्रिजपर्यंत तार ३४ इंच. हे माप रूढ केलं लिओ फेंडरनं, १९५१ साली, कॅलिफोर्नियात, त्याच्या ‘प्रिसिजन बेस’नं. त्याच्या आधीच्या टेलिकास्टर गिटारला वरच्या बाजूला शिंगच नाही, खांदा सरळ मानेला भिडतो. बेसची मान लांब आणि चाव्या थोराड झाल्यावर फेंडरनं वरचं शिंग पुढे ताणलं, इतकं की बटण बाराव्या फ्रेटच्या आसपास यावं. आज ते शिंग आपल्याला नक्षी वाटतं. पुढच्या काळात अनेकांनी ते नक्षी समजूनच आखूड केलं, गोल केलं, तिरकं केलं. गिब्सनचा १९६३चा थंडरबर्ड दिसायला राजबिंडा, आणि मान टाकण्यात तितकाच नामांकित. माझं स्पष्ट मत आहे की वाद्यात जी वस्तू डोळ्यासाठी केली जाते तिचं भाडं कुठलातरी स्नायू भरतो, पण हे मत मी दुकानात बोलत नाही, कारण मामा ढोलकीला रंगीत गोंडे लावून देतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात.

“डोकंच कापून टाकू,” ऑक्टोपॅडवाला सुचवतो.

हीसुद्धा थट्टा नाही. अमेरिकेत नेड स्टाइनबर्गर नावाच्या गृहस्थानं १९८०च्या आगेमागे नेमकं हेच केलं. बेसचं डोकं उडवलं, चाव्या मागे ब्रिजपाशी नेल्या. मानेच्या टोकाला वजनच नाही, मग ती खाली जाईल कशाला? हा माणूस मुळात फर्निचर घडवणारा होता. वादकांपेक्षा त्याला लाकूड कुठे तोललं जातं याची काळजी जास्त असावी. पण त्यासाठी ब्रिज बदलायचा, तारा वेगळ्या घ्यायच्या, आणि हे सगळं वाशिममध्ये जयंतीच्या आत.

मामा डोकं कापत नाहीत, चाव्या तपासतात. एक काढून काट्यावर धरतात. शंभर ग्रॅमच्या आसपास. हलक्या चाव्या मिळतात, साधारण पंचावन्न ग्रॅमच्या, पण त्या मुंबईहून मागवायच्या, त्यांची भोकं जुन्या भोकांना जुळतीलच असं नाही, आणि किंमत ऐकून पोरगा नुसता हसतो.

मी पावतीच्या पाठीवर हिशेब मांडतो. चार चाव्यांत १८० ग्रॅम वाचतात. त्या पुढच्या बटणापासून ६२ सेंटिमीटरवर आहेत. मागचं बटण ४३ सेंटिमीटरवर. म्हणजे डोक्यावरचे १८० ग्रॅम काढणं आणि बुडाशी २६० ग्रॅम चढवणं, दोन्हीचा परिणाम एकच. दूरचं थोडं वजन जवळच्या पुष्कळ वजनाला भारी पडतं. आणि टेकूच सरकवला तर? बटण नुसतं पाच सेंटिमीटर पुढे नेलं, तर अख्ख्या ३७०० ग्रॅमना पाच सेंटिमीटरचा हात मिळतो. भागाकार करून पाहतो: हाच फायदा बुडाशी वजन टांगून हवा असेल तर ४३० ग्रॅम लागतील.

आकडा मी मामांना दाखवतो. ते कागद हातात घेत नाहीत.

“मी तेच म्हणून राह्यलो न जी. शिंग लांबवा. वजन कायले वाढवता पोराच्या जिवावर?”

ते बोळाच्या पलीकडे, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याकडे जातात आणि सपाट पट्टीचा तुकडा घेऊन येतात. रुंदी एक इंच, जाडी पाच मिलिमीटर, लांबी वीतभरापेक्षा कमी. पुढचा पाऊण तास दुकानात दुसरं काही घडत नाही. मामा पट्टीच्या दोन्ही टोकांना कानशीनं गोलाई देतात, कडा मारतात, मग बारीक पॉलिश पेपर फिरवतात. बेस पालथा घालून शिंगाच्या मागच्या अंगाला पट्टी ठेवून बघतात. पुढे किती काढायची? पोराला बेस गळ्यात घालायला लावतात, त्याचा डावा हात अगदी वरच्या फ्रेटपर्यंत नेतात. पट्टी मानेच्या वर, मानेला समांतर राहते, बोटांना लागत नाही. खडूची खूण होते.

“आडवा जोर येते हिच्यावर,” मामा मला समजावतात. पट्टी हातात धरून आधी सपाट अंगानं वाकवून दाखवतात, ती किंचित लवते. मग कडेवर धरून जोर लावतात, ती ढिम्म. “बेल्ट कडेच्या अंगानं वर ओढीन. वाकायची नाही.”

पट्टीला दोन भोकं, स्क्रूची डोकी आत बसावीत म्हणून ती वरून खोलगट. लाकडात आधी बारीक ड्रिल, मग स्क्रू साबणावर घासून हातानं पिळलेले. बॉडीचं लाकूड मऊ आहे, हलकं. पहिला स्क्रू शेवटच्या दोन फेऱ्यांत पोकळ फिरतो. मामा शिवी घालत नाहीत, स्क्रू काढतात, काडेपेटीतल्या दोन काड्यांची डोकी मोडतात, फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकतात आणि वर उरलेलं पात्यानं छाटतात. वाळायला ठेवून तेवढ्या वेळात एका ढोलकीची शाई घोटून होते. नंतर तोच स्क्रू लाकडाला असा धरतो की मामांचा अंगठा पांढरा पडतो. जुनं बटण शिंगावरून निघून पट्टीच्या टोकावर नट-बोल्टनं बसतं, खाली वॉशर आणि चामड्याची चकती. जुन्या भोकातही काडी जाते.

लगेच गळ्यात घालू देत नाहीत. बेस बाकावर घट्ट दाबून धरायला सांगतात आणि नव्या बटणाला दोरीनं पाण्याची अर्धी बादली टांगतात. पाच-सहा किलो असेल. पट्टी जागची हलत नाही. बादली तशीच लटकत ठेवून मामा तंबाखू मळतात.

आता पुन्हा काटा. पुढचं बटण खिळ्याला, मागचं हुकात. ६७० च्या आसपास आकडा थांबतो. मागे येणारं वजन दुप्पट झालंय आणि बेसचं स्वतःचं वजन फक्त त्या पट्टीएवढं वाढलंय.

“सोड हात.”

मान खाली जाते. पण सावकाश, आणि जमिनीशी समांतर झाल्यावर थांबते. पोराच्या चेहऱ्यावर आनंद आहे. मामांच्या नाही.

“अजून जरासक पाह्यजे. वाजवताना मान वर राह्यते न तुही?”

“हो जी, जराशी तिरपी.”

“मंग तिथेच थांबली पाह्यजे.”

ऑक्टोपॅडवाल्याला पुसद नाक्यावरच्या टायरवाल्याकडे पिटाळलं जातं. चाकं बॅलन्स करताना रिमच्या आत चिकटवतात ती वजनं आणायला. तो तीन पट्ट्या घेऊन येतो. एका पट्टीत पाच ग्रॅमचे चार आणि दहाचे चार तुकडे, एकूण साठ ग्रॅम, पाठीला चिकट फोम. मामा बेसच्या मागचं प्लास्टिकचं झाकण उघडतात. आत व्हॉल्यूम आणि टोनच्या वायरिंगचा खड्डा आहे, धुळीनं भरलेला. ती ब्रशनं झटकतात, एक सुटत आलेला डाग पुन्हा टाकतात, आणि वजनं खड्ड्याच्या सगळ्यात मागच्या भिंतीला दाबून बसवतात. वरून इन्सुलेशन टेप, दोन थर. धातू आहे, एखादी वायर टेकली तर ऐन गाण्यात आवाज जाईल, किंवा भोंगा सुरू होईल. तुकडे शिशाचे असल्याची मामांना शंका आहे. शिसं मऊ असतं, नखानं ओरखडा उठतो. ते नख मारून बघतात आणि मग साबणानं हात धुतल्याशिवाय ग्लासाला शिवत नाहीत. पोरांनाही धुवायला लावतात.

काटा ८०० दाखवतो.

“अजून दोन पट्ट्या टाकू?” ऑक्टोपॅडवाला उत्साहात.

“तू उचलशीन काय चार घंटे? मानेचं दुखणं खांद्यावर कायले नेता बे?”

इथे मला मामांचं मोठेपण दिसतं. वजन चढवत जाणं सगळ्यात सोपं आहे. बुडाशी अर्धा किलो ठोकला असता तर मान पहिल्याच फटक्यात वर आली असती, पोरगा खुशीत गेला असता आणि महिन्याभरानं खांदा धरून परत आला असता. राहिलेली कसर त्यांना वजनानं काढायची नाही, घर्षणानं काढायची आहे.

बोळाच्या तोंडाशी चपला शिवणारे काका बसतात. मामा त्यांच्याकडून चामड्याचा लांब तुकडा आणवतात, चार बोटं रुंद. त्याची गुळगुळीत बाजू वर आणि खडबडीत, केसाळ बाजू अंगाकडे. पोरगा तो उलटा धरतो, चकचकीत बाजू आतल्या अंगाला.

“असं कुठे? चांगली बाजू लोकायले दिसली पाह्यजे न,” ऑक्टोपॅडवाला म्हणतो.

काका नुसते बघतात आणि तुकडा पालटतात. दोन टोकांना बटणांसाठी चिरा पाडतात, चीर पुढे फाटू नये म्हणून तिच्या शेवटी गोल भोक मारतात, आणि एका बाजूला मापाची बकल शिवतात. चार बोटांचा रुंद पट्टा वजन खांद्यावर पसरवतो, आणि खडबडीत अंग सदऱ्याला धरून ठेवतं. नायलॉनचा जुना बेल्ट मामा स्वतःकडे ठेवून घेतात. नगाऱ्याला कामी येईल.

दुपारचे साडेतीन. बोळात ऊन उभं आहे. पोरगा बेस गळ्यात घालतो, मान थोडी वर तिरपी करतो आणि या वेळी कुणी न सांगता डावा हात सोडून देतो. दोन्ही हात हवेत. बेस तिथेच.

ऑक्टोपॅडवाला मोटारसायकलवरून उतरून आत येतो. बोटानं डोकं खाली ढकलतो. ते ढकललं तेवढं खाली जातं आणि राहतं. वर करतो, तिथे राहतं.

फळीवरचा अँप्लिफायर अजून उघडाच आहे, म्हणून मामा दुसरा एक लहान डबा जोडून देतात. पोरगा ढोलकीच्या ठेक्यावरची एक साधी चाल धरतो. पहिल्या दोन आवर्तनांत त्याचा अंगठा सवयीनं मानेखाली जोर लावून बसलाय, टोक उगाच वर चढतं. तिसऱ्यात त्याच्या ते लक्षात येतं. अंगठा सैल पडतो आणि करंगळी, जी आजवर मानेला टेकू देण्यातच अडकली होती, तारेवर येते. चालीत एक जागा अशी आहे की तिथे चार फ्रेटचा ताण पडतो. तिथे तो उडी मारायचा, आता बोटं पसरून जातो. बेसचा सूर मध्येच तुटत नाही. ऑक्टोपॅडवाला बाकावर दोन बोटांनी ठेका देतो आणि पहिल्यांदाच थट्टा करत नाही.

मग बेस बॅगेत जायला लागतो आणि जात नाही.

शिंग आता पाच सेंटिमीटर लांब झालंय. बॅग बेसच्या मापाचीच शिवलेली, चेन नव्या पट्टीपाशी येऊन अडते. पोरगा ढकलतो, ऑक्टोपॅडवाला ओढतो, पट्टीचं टोक कापडातून बाहेर यायला बघतं. मामा दोघांनाही बाजूला करतात, बॅग काकांपुढे टाकतात आणि बोटानं जागा दाखवतात.

“इथे एवढं उसवा अन् चामड्याचा कप्पा लावा. बटण आत राह्यलं पाह्यजे.”

काका बॅग उलटसुलट करून बघतात. “उद्या दुपारी न्या.”

“उद्या रिसोडले प्रोग्राम हाय, काका.”

“मंग बसा.”

पोरगा पायरीवर बसतो, मग आठवण झाल्यासारखा उठतो आणि खिशात हात घालतो. “मामा, पैसे किती?”

“पट्टीचे खिडकीवाल्याले दे. वजनाचे टायरवाल्याले. बेल्टचे अन् बॅगेचे यायले.”

“अन् तुमचे?”

“माह्ये प्रोग्राम झाल्यावर. चार घंटे वाजव, मान वर राह्यली तं आणून दे.”

“अन् खाली आली तं?” ऑक्टोपॅडवाला विचारतो.

“तं हे दोघं घेऊन ये,” मामा म्हणतात. “बेसबी, अन् त्या कीबोर्डवाल्यालेबी.”